मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती आला कुठून? थेट जालना जिल्ह्यातून!

मद्रास रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचा बिल्ला नीट बघितला तर त्यावर एक ढाल दिसते, दोन आडव्या-तिडव्या तलवारी दिसतात आणि एक हत्ती दिसतो. दक्षिणेतली रेजिमेंट आणि तिचं चिन्ह हत्ती, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. गुरुवायूरच्या देवळातले हत्ती, त्रिशूरच्या पूरममधले हत्ती सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात. त्यांच्यातलाच एखादा रेजिमेंटने उचलला असेल असं वाटून माणूस पुढे जातो.

पण या हत्तीला लष्करात स्वतःचं नाव आहे. त्याला 'असाये एलिफंट' म्हणतात. यातलं 'असाये' हा काही तमिळ किंवा मल्याळम शब्द नाही. इंग्रजांच्या तोंडात बसेल तसं त्यांनी केलेलं ते एका मराठी गावाचं नाव आहे. ते गाव म्हणजे जालना जिल्ह्यातलं असई.

अंबडहून निघायचं, जालना शहर मागे टाकायचं आणि भोकरदनच्या दिशेने वर जायचं. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळणा आणि जुई अशा दोन नद्या एकमेकींच्या जवळ येत येत शेवटी मिळतात. त्या दोघींच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी इथे जी लढाई झाली, तिच्या आठवणीसाठी हा हत्ती जन्माला आला.

आणि खरी गोम पुढे आहे. त्या लढाईत हरले ते मराठे. म्हणजे मराठ्यांचा पराभव केल्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींना मिळालेलं चिन्ह आज भारतीय लष्कराची एक नावाजलेली रेजिमेंट डोक्यावर घालते. हे कसं काय चालतं, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी १८०३ च्या पावसाळ्यात जावं लागतं.

लढाई झाली कशासाठी?

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्र फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने जो तह केला, तो मराठी राज्याच्या गळ्यातला फास ठरला. कंपनीची फौज आपल्या खर्चाने पोसायची आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीला विचारून करायचा, असं पेशव्याने लिहून दिलं.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना हे मान्य नव्हतं. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झालं. कंपनीच्या दख्खनमधल्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. त्या वेळी मात्र तो ३४ वर्षांचा मेजर जनरल होता आणि त्याचा थोरला भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. घरचाच कारभार म्हणायचा.

१२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. वेलस्ली गोदावरी ओलांडून औरंगाबादला पोचला. दुसरीकडून कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादकडची फौज घेऊन आला आणि २ सप्टेंबरला त्याने जालन्याचा किल्ला घेतला.

शिंदे-भोसल्यांचं घोडदळ गोदावरी उतरून निजामाच्या मुलुखात शिरेल आणि हैदराबादकडे धावेल, अशी इंग्रजांना धास्ती होती. म्हणून वेलस्ली काही दिवस गोदावरीच्या काठाकाठाने फिरत राहिला. जालना आणि गोदावरी यांच्या मधला मुलूख म्हणजे आजचा अंबड आणि घनसावंगीचा भाग. त्या सप्टेंबरात दोन्ही बाजूंच्या फौजा या टापूच्या आसपास एकमेकींना हुलकावण्या देत होत्या.

इथे अंबडची एक वेगळी गंमत आहे. अंबड परगणा होळकरांचा होता. अहिल्याबाईंच्या काळातल्या बांधकामांमुळे गावाची ती ओळख आजही आहे. पण होळकरांच्या गादीवर हक्क सांगणारे यशवंतराव त्या युद्धात उतरलेच नाहीत. शिंद्यांशी असलेलं वैर ताजं होतं. त्यामुळे त्यांच्या परगण्याच्या उशाला एवढी मोठी लढाई होत असताना त्यांची फौज तिथे नव्हती. पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, यशवंतराव इंग्रजांशी एकटे लढले आणि चांगलेच लढले. १८०३ मध्ये शिंदे, भोसले आणि होळकर एकत्र असते तर काय झालं असतं, हा प्रश्न इतिहासाची आवड असलेला प्रत्येक मराठी माणूस कधी ना कधी विचारतोच.

पिंपळगाव आणि वरूड

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. जालना-औरंगाबाद रस्त्यावरचं हे तेच बदनापूर. तिथे ठरलं की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी डोंगर ओलांडायचे आणि २४ तारखेला भोकरदनजवळ एकत्र हल्ला करायचा.

पण २३ तारखेला वेलस्लीला कळलं की मराठ्यांची छावणी त्याच्या अगदी जवळ, केळणेच्या पलीकडे आहे. थांबावं तर शत्रू निसटेल आणि लढावं तर स्टीव्हन्सन अजून लांब. त्याने लढायचं ठरवलं.

त्याच्याकडे साधारण साडेनऊ हजार माणसं होती. त्यातली पाचेक हजार म्हैसूरची आणि पेशव्यांची घोडेस्वार मंडळी. कवायती सैनिक साडेचार हजारांच्या आसपास आणि तोफा १७. समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचे दहा-अकरा हजार शिपाई, शंभराच्या वर तोफा आणि त्याशिवाय हजारोंनी घोडदळ. हे कवायती पायदळ महादजी शिंद्यांनी दी बॉयनकडून तयार करून घेतलेल्या कंपूंच्या परंपरेतलं होतं. असईला त्याचं नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं. मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही मदतीला होत्या.

नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर केळणेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसत होती, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं एवढ्या जवळ आहेत म्हणजे माणसं एकमेकांकडे जात-येत असणार आणि तसं असेल तर मधे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. तो बरोबर निघाला. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला सेनापती लागला नसता. पण त्या दिवशीची लढाई या साध्या तर्कावर फिरली.

उतारावरून नदी ओलांडून मराठी फौजेच्या बगलेवर आदळायचं, असा वेलस्लीचा बेत होता. पोलमनने तो फसवला. त्याने आपली सगळी रांग झपाट्याने फिरवली आणि तोफा समोर आणून उभ्या केल्या. डावं टोक असई गावाच्या मातीच्या भिंतींना टेकवलं. एतद्देशीय फौज इतक्या शिस्तीत वळेल अशी वेलस्लीची अपेक्षाच नव्हती.

मग जे झालं ते भयंकर होतं. वेलस्लीच्या उजव्या बाजूची तुकडी चुकून थेट असई गावाच्या तोंडावर गेली. तिच्यामागून ७४वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण गेली. गावातून आणि शेजारच्या रांगेतून तोफांचा एवढा भडिमार झाला की ७४व्या पलटणीच्या सुमारे ५०० जणांपैकी जवळपास ४०० मेले किंवा जखमी झाले. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून येऊन उरलेल्यांना वाचवलं.

मधल्या रांगेत मद्रासच्या पाच पलटणी होत्या. तमिळ, तेलुगू मुलखातले शिपाई, हातात लांब बंदूक आणि संगीन. समोरून छर्ऱ्यांचा मारा होत असताना त्या रांगा तोफांपर्यंत पोचल्या आणि संगिनींनी भिडल्या. आजच्या बिल्ल्यावरचा हत्ती मुख्यतः या चालून जाण्याचा आहे.

मराठ्यांच्या गोलंदाजांनी मात्र तोफा सोडल्या नाहीत. बरेच जण तिथेच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, कंपनीचे शिपाई पुढे गेल्यावर उठले, तोफा उलट फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. जिंकलेल्या तोफा इंग्रजांना परत फिरून दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. शेवटच्या हल्ल्यात मॅक्सवेल मारला गेला. वेलस्लीचा एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी मराठी फौज जुई ओलांडून मागे हटली. तिचं मोठं घोडदळ लढाईत फारसं उतरलंच नव्हतं.

कंपनीच्या बाजूला ४२८ मेले, हजाराच्या वर जखमी झाले. जेमतेम साडेचार हजार कवायती सैनिकांनी खरी लढाई लढली हे लक्षात घेतलं तर दर तिघांमागे एक जण पडला. मराठ्यांकडे मेलेले आणि जखमी मिळून सहा हजारांचा अंदाज दिला जातो. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. जखमींसाठीचं इस्पितळ अजिंठा गावात उघडावं लागलं. (त्याच अजिंठ्याची लेणी १६ वर्षांनी, १८१९ मध्ये, वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. तोही मद्रास फौजेतलाच.)

पुढच्या आयुष्यात वेलिंग्टनला कुणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घ्यायचा, असं सांगतात.

मग हत्तीच का?

असईच्या विजयानंतर लवकरच गव्हर्नर जनरलने, म्हणजे वेलस्लीच्या भावाने, लढलेल्या तीन गोऱ्या पलटणींना मानाचे ध्वज जाहीर केले. १९वी लाइट ड्रॅगून्स, ७४वी आणि ७८वी हायलँडर्स या त्या तीन. मद्रासच्या पायदळ आणि घोडदळ पलटणींच्या वाट्यालाही 'असाये' हे नाव आणि हत्ती आला.

असईच्या रणात हत्तींनी काही पराक्रम केला होता म्हणून हे चिन्ह निवडलं, असं समजायचं कारण नाही. ती लढाई तोफा, संगिनी आणि घोड्यांची होती. त्या काळात इंग्रजांना 'हिंदुस्थान' एका चित्रात दाखवायचं असलं की ते हत्ती किंवा वाघ काढायचे. त्याच वर्षी उत्तरेत अलीगढ, दिल्ली आणि लासवाडीला लढलेल्या ७६व्या पलटणीलाही हत्तीच मिळाला, फक्त त्याच्या पाठीवर हौदा होता. पुढे १७व्या लीस्टरशायर पलटणीला 'हिंदुस्तान' या शब्दासह वाघ मिळाला. थोडक्यात, असईचा हत्ती हा पराभूत मुलखाचा शिक्का होता. 'हे आम्ही हिंदुस्थानात जिंकलं', एवढाच त्याचा मूळ अर्थ.

आपल्याकडे हत्तीचा अर्थ आधीपासून वेगळा. मराठीत आनंदाची बातमी आली की हत्तीवरून साखर वाटतात. गजान्तलक्ष्मी म्हणजे दारात हत्ती झुलावा एवढी श्रीमंती. राजाची स्वारी अंबारीतून निघते. दक्षिणेत तर देवाची मिरवणूकच हत्तीवरून. त्यामुळे मद्रासी शिपायाने जेव्हा हा हत्ती अंगावर घातला तेव्हा त्याला त्यात कंपनीचा शिक्का दिसला असेल की देवळातला गजराज, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आज रेजिमेंट त्याच्याकडे ताकद, निष्ठा आणि न डगमगता उभं राहणं यांची खूण म्हणून बघते.

हाच हत्ती तिकडे स्कॉटलंडलाही गेला. १८८१ मध्ये ७४वी पलटण दुसऱ्या एका पलटणीत मिसळून हायलँड लाइट इन्फंट्री तयार झाली. तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर खालच्या बाजूला छोटा हत्ती आणि 'असाये' हे नाव कोरलेलं असायचं. ७८वीपासून झालेल्या सीफोर्थ हायलँडर्सच्या कॉलरवरही हत्ती होता. ग्लासगोकडच्या शिपायांच्या टोपीवर दोन-दोन महायुद्धांत जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव फिरत होतं, आणि खुद्द जालन्यात ते किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

हत्ती वाचला, हत्तीवाले मोडले

मद्रास फौजेचं पुढे जे झालं त्यात मोठा विरोधाभास आहे. ज्या फौजेच्या जोरावर इंग्रजांनी म्हैसूर आणि दख्खन घेतलं, तीच त्यांना नंतर कमअस्सल वाटायला लागली. १८५७ नंतर 'लढाऊ जमाती' नावाचा सिद्धान्त आला. पंजाबी, पठाण, गुरखे हेच खरे लढवय्ये, दक्षिणेतल्या माणसात लढायचा गुणच नाही, असं इंग्रज अधिकारी बिनदिक्कत लिहू लागले. मद्रासी पलटणी एकेक करून मोडल्या किंवा त्यांच्यात उत्तरेकडची माणसं भरली. १९२२ च्या फेररचनेत उरलेल्यांची ३री मद्रास रेजिमेंट झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्याही पलटणी बरखास्त झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा हा सिद्धान्त गुंडाळून ठेवावा लागला. मद्रास रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि ब्रह्मदेशात लढली. जुन्या फौजेचा वारसा म्हणून असईचा हत्ती नव्या रेजिमेंटच्या माथ्यावर आला. ज्यांच्याविषयी 'यांना लढता येत नाही' असं लिहिलं गेलं होतं, त्यांच्यासाठी 'आमचे पूर्वज तोफांवर चालून गेले होते' याचा तो पुरावा होता. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटने हत्ती का सोडला नाही, हे यावरून बरंचसं समजतं.

'असाये' गेलं, हत्ती राहिला

१९४७ नंतर भारतीय लष्करापुढे अडचणीचा प्रश्न होता. जुन्या पलटणींच्या ध्वजांवर लढायांची नावं असायची. त्यांना युद्धसन्मान म्हणतात. त्यात दोन महायुद्धांतली नावं होती, तशी मराठ्यांविरुद्धची, टिपूविरुद्धची, शिखांविरुद्धची आणि १८५७ ची नावंही होती. स्वतंत्र देशाच्या सैन्याने आपल्याच लोकांना हरवल्याची नावं मिरवायची का?

मिरवायची नाहीत, असं ठरलं. एतद्देशीय राज्यांविरुद्ध आणि १८५७ च्या उठावात मिळालेले सन्मान लष्कराने बाजूला काढले. त्यांची नावं ध्वजावर घ्यायची नाहीत, ते दिवस साजरे करायचे नाहीत. त्या यादीत असई आहे, लासवाडी आहे, कोरेगाव आहे, महिदपूरही आहे.

महिदपूरचा संबंध पुन्हा अंबडशी येतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी माळव्यात महिदपूरला होळकरांची फौज हरली. समोर होती ती सर टॉमस हिस्लॉपची फौज, तीही मुख्यतः मद्रासची. त्यानंतर ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. त्यात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख सोडला आणि सोडलेल्या परगण्यांत अंबड आणि वेरूळ यांची नावं होती. अंबड पुढे निजामाच्या राज्यात गेलं ते १९४८ पर्यंत. १८०३ च्या लढाईत जो परगणा बाजूला राहिला होता, तो पंधरा वर्षांनी मद्रासी पलटणींच्याच दुसऱ्या विजयात होळकरांच्या हातून गेला.

तर असई हे नाव मागे पडलं, पण हत्ती राहिला. याचं एक साधं कारण सुचतं. शेजारी लढाईचं नाव लिहिलेलं नसेल तर हत्ती हा फक्त हत्ती असतो. त्यात कुणाचा पराभव दिसत नाही. सगळ्याच चिन्हांना ही सवलत मिळत नाही. महार रेजिमेंटचं उदाहरण बघा. १९४१ मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार सैनिकांच्या स्मरणाचा तो स्तंभ. पुढे बिल्ल्यावरून स्तंभ काढला गेला आणि त्या जागी खंजीर आला. दोन मशीनगन मात्र राहिल्या. स्तंभाकडे बघून कुठली लढाई ते लगेच कळतं. हत्तीला हे ओझं नाही.

नौदलाची गोष्ट तिसऱ्याच वाटेने गेली. ध्वजावरचा इंग्रजी वळणाचा लाल क्रॉस २००१ मध्ये काढला, २००४ मध्ये परत आणला आणि शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी, आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी, कायमचा गेला. नव्या ध्वजावरची अष्टकोनी चौकट शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे.

मग मराठी माणसाने हत्तीकडे कसं बघायचं?

राग येणं समजू शकतं. पण असईच्या मैदानावर 'मराठे एका बाजूला आणि मद्रासी दुसऱ्या बाजूला' इतकी सरळ वाटणी नव्हती. शिंद्यांच्या कवायती पलटणींत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांचे बरेच वरिष्ठ अधिकारी युरोपीय होते. वेलस्लीच्या मोहिमेत पेशव्यांचे घोडेस्वार होते, खुद्द बापू गोखले त्याच्यासोबत होते. याच बापू गोखल्यांनी १८१७ मध्ये खडकीला इंग्रजांविरुद्ध तलवार उपसली आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत देह ठेवला. पगार वेळेवर देणाऱ्या धन्यासाठी लढणं हा त्या काळच्या शिपायाचा धर्म होता. आजच्या नकाशावरून त्याला देशद्रोही ठरवणं त्याच्यावर अन्याय आहे.

खटकायचंच असेल तर वेगळी गोष्ट खटकावी. मद्रासच्या शिपायाला हत्ती मिळाला, स्कॉटिश शिपायाला हत्ती मिळाला. तोफेखाली मेल्यासारखं पडून राहून पुन्हा उठलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांच्या नावाने एकही बिल्ला निघाला नाही. त्यांचं कौतुक सापडतं ते त्यांना मारणाऱ्यांच्या पत्रांमध्ये आणि आठवणींमध्ये.

आजची मद्रास रेजिमेंट या एका हत्तीखाली बरंच काही सामावून घेते. तिची ९वी पलटण जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या फौजेतून आलेली आहे. त्या फौजेने १७४१ मध्ये कोलाचेलला डच ईस्ट इंडिया कंपनीला हरवलं होतं. म्हणजे एका कंपनीसाठी लढलेल्यांचे आणि दुसऱ्या कंपनीला हरवलेल्यांचे वारसदार एकच बिल्ला लावतात. रेजिमेंटचं केंद्र तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात आहे. त्या गावाचं नाव वेलिंग्टन, पिंपळगाव-वरूडचा उतार शोधणाऱ्या माणसावरून ठेवलेलं.

कोलाचेलचा दिवस ९ मद्रास अभिमानाने पाळते. २३ सप्टेंबर भारतीय लष्करात साजरा होत नाही. ब्रिटिश पायदळ पलटणीकडे सहसा दोन ध्वज असतात. ७४व्या पलटणीच्या वारसदारांनी मात्र असईसाठी मिळालेला तिसरा ध्वज पिढ्यान्पिढ्या जपला, आणि त्याच्या मधोमध हत्ती आहे.